पनवेल : पक्षनिष्ठा, बँक आणि बदललेला मतदार

एखाद्या पक्षाला पिढ्यान्‌पिढ्या मत देण्याच्या सवयीला राज्यशास्त्रात पक्षनिष्ठा म्हणतात, आणि रायगडमध्ये ती दीर्घकाळ शेतकरी कामगार पक्षाच्या, म्हणजे शेकापच्या, वाट्याला आली. १९५७ पासून दि. बा. पाटील यांनी विधानसभेत पनवेलचे प्रतिनिधित्व करताना तिला भूमिपुत्रांच्या जमिनीच्या लढ्याचा आधार दिला.

पुढे ही निष्ठा ओसरली, आणि तिच्या ऱ्हासाची चर्चा एका बँकेच्या प्रकरणापाशी येते. कर्नाळा नागरी सहकारी बँकेतील बनावट कर्जखात्यांच्या प्रकरणात शेकापचे माजी आमदार आणि बँकेचे माजी अध्यक्ष विवेक पाटील यांना सक्तवसुली संचालनालयाने जून २०२१ मध्ये अटक केली, तर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने बँकेचा परवाना रद्द केला. ठेव विम्याचे संरक्षण प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाख रुपयांपर्यंतच असते. त्यामुळे आयुष्यभराची पुंजी तिथे ठेवलेल्यांवर झालेला अन्याय कोणत्याही निवडणूक निकालाने भरून येणारा नाही.

तथापि निष्ठेच्या ऱ्हासाचे सगळे खापर या प्रकरणावर फोडणे चुकीचे ठरेल, कारण शेकापचे खासदार राहिलेले रामशेठ ठाकूर आधीच काँग्रेसमध्ये गेले होते, त्यांचे पुत्र प्रशांत ठाकूर यांनी २००९ मध्ये काँग्रेसतर्फे पनवेल जिंकले आणि खारघरच्या टोलच्या प्रश्नावर पक्ष सोडून २०१४ मध्ये भाजपतर्फे ते पुन्हा निवडून आले. खारघर, कामोठे, कळंबोली या सिडकोच्या वसाहतींतील नव्या मतदाराचे जुन्या लढ्याशी नातेच नव्हते. २०१७ च्या पहिल्या महापालिका निवडणुकीत भाजपने ७८ पैकी ५१ जागा मिळवल्या, तेव्हा बँकेचा परवाना शाबूत होता.