बोर्निओत काय दिसतं, काय चावतं

दुपारचे चार वाजले की सुकाऊ गावातून पर्यटकांच्या होड्या किनाबातांगान नदीत उतरतात. मलेशियाच्या सबाह राज्यातली, बोर्निओ बेटाच्या ईशान्य टोकाची ही ५६० किलोमीटरची गढूळ नदी. तासाभरात लांब नाकाची प्रोबॉसिस माकडं दिसतात, मकाक माकडं तर टोळ्यांनी दिसतात, डोक्यावरून धनेशाची जोडी पंख वाजवत जाते. नशीब जोरावर असेल तर पाण्यावर आलेला हत्तींचा कळपही भेटतो. रात्री गेस्ट हाउसच्या ओट्यावर पाठीवरची सॅक उतरवता उतरवता कुणीतरी म्हणतंच, ‘इथलं जंगल प्राण्यांनी नुसतं खच्चून भरलंय!’

खच्चून भरलंय हे खरं, पण ते जागा उरली नाही म्हणून. २००५ साली इथे अभयारण्य जाहीर झालं तेव्हा त्याच्या वाट्याला साधारण २६,००० हेक्टर आले, तेही दहा तुकड्यांत. मधल्या जमिनीवर तेलताडाचे मळे. काही ठिकाणी काठावरच्या झाडांची रांग संपते न संपते तोच मळा सुरू होतो. प्रोबॉसिस माकडांची गोष्ट वेगळी. संध्याकाळी मुक्कामाला नदीकाठच्या झाडांवर येणं ही त्यांची मुळातलीच सवय. पण ओरांगउटान आणि हत्ती होडीतून इतके सहज दिसतात ते या अरुंद पट्ट्यामुळे. फोटो सुरेख येतात, यात शंका नाही.

खरं भरलेलं रान पाहायचं तर लहाद दातू गावावरून डानुम खोऱ्यात जावं लागतं. ४३८ चौरस किलोमीटरचं, बहुतांशी कधीही कुऱ्हाड न लागलेलं अरण्य. आणि गंमत अशी, की तिथून परतणारे निम्मे लोक कुरकुरतात: पानं आणि जळवा सोडून काही दिसलं नाही! दिसणार कसं? याच खोऱ्यात २०१९ साली एका मेरांटी वृक्षाची उंची मोजली, ती भरली १००.८ मीटर. म्हणजे तेहतीस मजली इमारत. फळं, फुलं, पक्षी, माकडं, सगळा संसार वरच्या मजल्यांवर. तळाशी अंधार आणि पाचोळा. म्हणून मुरलेला गाईड आधी जमिनीकडे पाहतो. अर्धवट चावून टाकलेली ताजी फळं, वर कुठेतरी मोडलेल्या फांदीचा आवाज, फळांवर आलेला एखादा उंबरवर्गीय वृक्ष. इथले महावृक्ष काही वर्षांच्या खंडाने एकदमच फळतात. मधल्या काळात हे उंबरच अनेकांचं पोट भरतात. तशा झाडाखाली दोन तास बसणारा माणूस, दिवसभर पायपीट करणाऱ्यापेक्षा जास्त पाहतो.

ओरांगउटानचे कळप असतात, हाही एक गैरसमज. मोठा नर एकटा, मादी फार तर पिल्लासह, आणि दर संध्याकाळी झोपण्यासाठी फांद्या वाकवून नवं घरटं. कळपाची कल्पना बहुधा सेपिलोकच्या फोटोंमुळे रुजली असावी. १९६४ मध्ये सुरू झालेलं हे पुनर्वसन केंद्र अनाथ पिल्लांना रानात परतायला शिकवतं; मचाणावर ठरल्या वेळी फळं ठेवतात, तेव्हा जी येतील ती येतात. रानात पोट भरलं असेल तर मचाण रिकामंच राहतं. पैसे वसूल झाले नाहीत म्हणून हिरमुसणाऱ्यांना कोण सांगणार, की केंद्राचं यश ते हेच!

रात्रीच्या फेरीत बॅटरी मारली की प्राण्याचे डोळे चमकतात, असं प्रत्येकजण ऐकून आलेला असतो. स्लो लोरिसच्या बाबतीत ते खरं आहे, झाडीत दोन नारिंगी निखारे दिसतात. (हा गोजिरवाणा जीव विषारी चावा घेतो, त्याच्या दंडातल्या ग्रंथीचा स्राव लाळेत मिसळला की विष तयार होतं.) पण टार्सियर फसवतो. मुठीत मावेल एवढा देह, त्यावर अवाढव्य डोळे, तरी प्रकाश परावर्तित करणारा पडदा त्या डोळ्यांत नसतो. चमक शोधत जाणारा त्याच्या समोरून निघून जातो.

आता भीतीकडे. बोर्निओत वाघ नाही, बिबट्या नाही. सर्वांत मोठं मार्जार म्हणजे क्लाउडेड लेपर्ड, आणि तो दिसला तर गाईडच आधी नाचेल. सुमात्रन गेंडा होता. नोव्हेंबर २०१९ मध्ये इमान नावाची मादी गेली आणि मलेशियातून ही जात संपली.

लोक घाबरतात ते मात्र जळवांना. आंबोली किंवा कोयनेच्या पावसाळ्यात फिरलेल्यांना त्या नव्या नाहीत. इथे दोन प्रकार भेटतात: पाचोळ्यातली तपकिरी जळू, जिचा चावा कळतही नाही, आणि झुडपांच्या पानांवर टपलेली पट्ट्यापट्ट्यांची वाघ-जळू, जिचा चावा चांगला झोंबतो. उंच झाडांवरून त्या टपाटप पडतात हा भ्रम. पायाला किंवा कमरेला लागून अंगावर चढतात आणि मानेशी पोचल्यावर लक्षात येतं. ‘जळू उडी मारत नाही’ हे मात्र आता छातीठोकपणे सांगता येत नाही, कारण मादागास्करमधल्या एका जातीची उडी चित्रित झाल्याचं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. मीठ, तंबाखू, पेटती काडी हे उपाय टाळलेले बरे. जळू पोटातलं जखमेत ओकू शकते. तिच्या निमुळत्या टोकाखाली नख सरकवलं की ती सुटते. रक्त बराच वेळ वाहतं, पण घाबरण्यासारखं काही नसतं. गुडघ्यापर्यंतचे दाट विणीचे मोजे बहुतेक काम भागवतात.

खरा धोका अगदी साधा दिसतो. २००० साली सबाहमध्ये इको-चॅलेंज ही साहसी शर्यत झाली. तीनशेवर स्पर्धक होते. नंतर त्यांतल्या १८९ जणांशी संपर्क झाला, तर ८० जणांना लेप्टोस्पायरोसिसची लक्षणं येऊन गेली होती. दोष सर्पाचा नव्हता, जळवेचाही नव्हता. डानुमजवळूनच वाहणाऱ्या सेगामा नदीत पोहणं हे मुख्य कारण निघालं. तुंबलेल्या पाण्यातून चालल्यावर लेप्टोच्या गोळ्या घ्या, हे मुंबईकराला दर पावसाळ्यात ऐकवलं जातं. पण जंगलातला झरा पाहिला की तो खरचटलेल्या पायांनिशी सरळ आत उतरतो.

दुसरा धोका संध्याकाळनंतरच्या डासांचा. २०१८ पासून मलेशियात माणसाकडून माणसाकडे जाणाऱ्या मलेरियाचे स्थानिक रुग्ण नाहीत, हे वाचून काहीजण निर्धास्त होतात. पण मकाक माकडांमधून येणारा नोलेसी मलेरिया सबाह-सारावाकमध्ये आजही आहे. त्याचा परजीवी दर चोवीस तासांनी वाढतो, त्यामुळे आजार झपाट्याने बळावू शकतो. शिवाय सूक्ष्मदर्शकाखाली तो मलेरियाच्या एका सौम्य जातीसारखा दिसतो. तेव्हा परतल्यावर काही आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांना केवळ ‘परदेशातून आलो’ एवढं सांगून भागत नाही. बोर्निओच्या जंगलात राहिलो होतो आणि आसपास माकडं होती, हे आपणहून सांगावं लागतं.