बाटली धुणे, विसळणे आणि निथळणे

परदेशातून अवेळी दूरध्वनी आला की घरातील वडीलधाऱ्यांच्या छातीत क्षणभर धस्स होते. माझा पुतण्या अमेरिकेत, ओरेगन राज्यातील पोर्टलंड येथे स्थायिक झालेला आहे. त्या दिवशी त्याने सर्वांचे कुशल विचारले, थोडा घुटमळला आणि म्हणाला, "काका, रागावणार नसलात तर एक विचारतो. मी घरी बिअर केली आहे, पण तिला तुमच्या दवाखान्याचा वास येतोय. असं का झालं असेल?"

आमचे उभे आयुष्य बडोद्यात गेले. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा १९६० मध्ये गुजरात राज्य झाल्यावरही येथे कायम राहिला आणि आज तो गुजरातच्या नावाने लागू आहे. परवान्यावाचून घरी बिअर करणे हा येथे गुन्हा आहे, हे सुज्ञ वाचकांस सांगणे नलगे. अमेरिकेत मात्र १९७८ च्या कायद्याने स्वतःच्या घरापुरती बिअर करण्यास केंद्रीय करातून सूट मिळाली. तेव्हा पुतण्यावर रागावण्याचे कायदेशीर कारण मजपाशी नव्हते. शिवाय प्रश्न मुळी बिअरचा नव्हताच, तो सूक्ष्मजीवशास्त्राचा होता. तो बाटली धुण्याचा होता, आणि सरबत, लोणचे किंवा मुरांबा घरी करणाऱ्या प्रत्येकाचा होता.

मी त्याला उलटा प्रश्न केला, "बाटल्या कशाने धुतल्यास?" उत्तर अपेक्षित तेच आले. कपड्यांना वापरतात त्या ब्लीचमध्ये बाटल्या बुडवल्या आणि नळाखाली घाईघाईने एकदा विसळल्या. निदान तेथेच झाले. ब्लीचमधील क्लोरीनचा अंश बाटलीत राहिला, त्याची माल्ट व यीस्टपासून येणाऱ्या फिनॉल वर्गातील द्रव्यांशी गाठ पडली आणि क्लोरोफिनॉल तयार झाले. हे संयुग इतके तीव्र गंधाचे असते की अब्जावधी भागांत त्याचे थोडे भाग असले तरी जिभेला कळते. डेटॉलमधील क्लोरोझायलेनॉल हे याच घराण्यातले. म्हणजे पुतण्याचे नाक अचूक होते. त्याच्या बिअरला खरोखरच दवाखान्याचा वास येत होता.

आपल्या व्यवसायाने याचे नवल करू नये. पाश्चरने १८७६ मध्ये बिअरवर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला, आणि त्याच्या आधीच त्याचे आंबण्याच्या क्रियेवरील संशोधन वाचून लिस्टरने १८६५ मध्ये जखमेवर कार्बोलिक आम्ल, म्हणजेच फिनॉल, वापरण्यास आरंभ केला होता. शस्त्रक्रियागृहातील निर्जंतुकतेचे मूळ अशा रीतीने आंबवणाच्या पिंपात आहे.

येथे भाषेची एक अडचण सांगितली पाहिजे. मराठीत आपण सरसकट "निर्जंतुक" हा एकच शब्द वापरतो, आणि घोटाळा तेथून सुरू होतो. बाटलीवरील मळ, साका व चिकटा काढणे ही स्वच्छता. त्यानंतर उरलेल्या जंतूंची संख्या निरुपद्रवी होईल इतकी घटवणे ही दुसरी पायरी. आणि बीजाणूंसह एकूण एक जीव नष्ट करणे ही तिसरी. तिला प्रेशर कुकर किंवा ऑटोक्लेव्हमधील १२१ अंश सेल्सिअसची वाफ किमान १५ मिनिटे लागते. बिअरच्या बाटलीला पहिल्या दोन पायऱ्या पुरतात. बिअर आम्लधर्मी असते, तीत मद्यार्क असतो, प्राणवायू जवळजवळ नसतो आणि हॉप्सचा कडवटपणा कित्येक जंतूंना सोसत नाही. त्यामुळे माणसाला आजारी पाडणारे जंतू तीत सहसा वाढत नाहीत. बिघडते ती चव, आणि ती बिघडवतात लॅक्टोबॅसिलस, पेडिओकॉकस, व्हिनेगर करणारे जंतू आणि हवेतून आलेली रानटी यीस्ट. उलट, न आंबवलेला माल्टचा काढा नुसता उकळून बाटलीत बंद करून ठेवणे मात्र धोक्याचे. त्यात आम्लता कमी, हवा नाही, आणि उकळत्या पाण्याला दाद न देणारे क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनमचे बीजाणू असू शकतात. आम्लतेचा सामू ४.६ च्या वर गेला की नुसत्या उकळण्यावर विसंबता येत नाही. हे मी पुतण्याला दोनदा सांगितले.

पहिली पायरी कष्टाची आहे आणि तिला पर्याय नाही. बाटली रिकामी होताच पाण्याने विसळून ठेवावी. वाळलेला साका पुढे तासभर घासूनही निघत नाही. बाटल्या धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात रात्रभर भिजत घालाव्यात. लेबले आपोआप सुटतात. मग लांब दांड्याचा ब्रश तळापर्यंत फिरवावा व बाटली उजेडाकडे धरून पाहावी. गळ्याशी कडे किंवा तळाशी धूसर डाग दिसला तर ती बाटली बाजूला ठेवावी. आत पाण्याचे थेंब थेंब न राहता सलग पातळ पापुद्रा उतरला, तर काच खरोखर स्वच्छ झाली असे समजावे. मळाच्या थराखाली दडलेल्या जंतूला कोणतेही जंतुनाशक गाठू शकत नाही. जखम धुतल्यावाचून वर औषध ओतणाऱ्या शिकाऊ डॉक्टरला आपण जे ऐकवतो तेच येथेही लागू आहे. सोडा किंवा साबण वापरल्यावर भरपूर पाण्याने विसळणे अगत्याचे. साबणाचा अंश राहिला तर बिअरवर फेस टिकत नाही, आणि सरबतात तर तो चवीलाच लागतो.

येथपर्यंत सर्वांचे एकमत असते. मतभेद होतो तो दुसऱ्या पायरीनंतर: जंतुनाशकातून काढलेली बाटली पुन्हा विसळावी की नाही?

विचार करून पाहा. आपण जंतूंची संख्या घटवली, आणि लगेच नळाचे पाणी आत घातले. ते पाणी पिण्यास योग्य असले तरी जंतुरहित नसते. आजव्याच्या पाण्याचा आम्हां बडोदेकरांना अभिमान आहे, पण २०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीचा पूर ओसरल्यावर दारोदार पाणी उकळून पिण्याचा सल्ला देत कोण फिरत होते, हे या स्मरणिकेच्या वाचकांना आठवत असेल. म्हणून शेवटचे विसळणे आधीचे सारे श्रम वाया घालवू शकते. विसळावे लागणारच नाही असे जंतुनाशक निवडणे, हाच त्यावरचा सरळ उपाय.

ब्लीच यात बसत नाही. पाच टक्क्यांच्या ब्लीचचे चार मिलिलिटर एक लिटर पाण्यात घातले की दशलक्ष भागांत सुमारे २०० भाग क्लोरीन मिळते आणि दहा मिनिटांत काम होते, पण नंतर बाटली उकळून थंड केलेल्या पाण्याने नीट विसळावी लागते. पुतण्याने विसळणेही अपुरे केले आणि पाणीही उकळलेले घेतले नाही. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा अन्य आम्ल मात्र कधीही मिसळू नये. विषारी क्लोरीन वायू सुटतो, आणि न्हाणीघरात हा प्रकार घडून रात्री दम लागलेल्या गृहिणी आपणांपैकी अनेकांनी तपासल्या असतील.

परदेशातील घरगुती बिअरवाले दोन द्रावणे पसंत करतात. एक आयोडोफोर: दशलक्षात १२.५ भाग आयोडीन, दोन मिनिटे, आणि मग बाटली पालथी घालून निथळत ठेवणे, विसळणे नाही. आपल्या कपाटातील पोव्हिडोन-आयोडीन मात्र यासाठी घेऊ नये, ते त्वचेसाठी बनवलेले असते. दुसरे फॉस्फोरिक आम्ल व फेस करणारे द्रव्य यांचे मिश्रण. त्याचा फेस बाटलीत राहिला तरी काही बिघडत नाही, परंतु सामू ३ च्या खाली असेपर्यंतच ते काम करते. कूपनलिकेच्या जड पाण्यात ते गढूळते, म्हणून तेथे शुद्ध केलेले पाणी वापरावे. सत्तर टक्के मद्यार्काचा फवाराही चालतो. शंभर टक्के अधिक चांगला असे लोकांना वाटते, पण प्रथिने साकळण्यास पाणी लागते. जाता जाता सांगतो, आपल्याच गावच्या अ‍ॅलेम्बिकचे नाव अर्क काढण्याच्या पात्रावरून आलेले आहे. १९०७ साली स्थापन झालेल्या या कंपनीच्या संस्थापकांत गज्जर व अमीन यांच्याबरोबर प्रा. कोटीभास्कर होते, आणि आरंभीच्या उत्पादनांत टिंक्चर व मद्यार्क होते!

सर्वांत जुना न विसळण्याचा उपाय उष्णतेचा. बाटल्या थंड पाण्यात ठेवून पाणी तापवावे व उकळी आल्यावर दहा मिनिटे ठेवावे. थंड बाटलीत एकदम उकळते पाणी ओतल्यास ती तडकते.

पुतण्याने ही चिकित्सा अर्धीच मानली. ब्लीचचा धसका घेऊन त्याने पुढच्या खेपेस जंतुनाशकच वगळले. तीन आठवड्यांनी मध्यरात्री कपाटात एक बाटली फुटली आणि तिच्या पाठोपाठ दुसरी. बाटलीबंद बिअरमध्ये वायू भरावा म्हणून मोजून साखर घालतात. लिटरला चार ग्रॅम साखरेने बिअरच्या आकारमानाइतका कर्बवायू निर्माण होतो. परंतु डायस्टॅटिकससारखी रानटी यीस्ट आत शिरली, तर नेहमीच्या यीस्टला न पचणारी शर्कराही ती फोडते आणि दाब वाढतच जातो. पुतण्याच्या घरी तीन वर्षांची मुलगी आहे. काचेचा एक तुकडा कपाटाच्या दारात रुतलेला सापडला, आणि त्याची उंची तिच्या डोळ्यांइतकी होती. त्या फोनवर तो फारसे बोलला नाही. उरलेल्या बाटल्या जाड टॉवेलात गुंडाळून, डोळ्यांवर चष्मा व हातांत मोजे घालून, आधी थंड करून मग हळूहळू उघडाव्यात, एवढेच मी सांगितले. जाड काचेच्या, दाबासाठीच बनवलेल्या बाटल्या घेणे हेही त्याने तेव्हापासून सुरू केले.

हे सारे सौभाग्यवती ऐकत होती. ती म्हणाली, "इतकं कशाला? आईंची बरणी आठवा." आमच्या मातोश्री दांडिया बाजारातील घरी कैरीचे लोणचे घालीत. चिनी मातीची बरणी आदल्या दिवशी गरम पाण्याने धुवून गच्चीवर कडक उन्हात पालथी पडे. दुसऱ्या दिवशी निखाऱ्यावर हिंग टाकून तिला धुरी मिळे, आणि मग बरणीला पाण्याचा स्पर्श होत नसे. ओला हात घेऊन जवळ आलेल्या आम्हां मुलांना त्या पळीने हाकलीत. आम्लाचा सामू किंवा जंतूंची संख्या त्यांना ठाऊक नव्हती. पण धुवायचे आधी, वाळवायचे नंतर, आणि वाळलेल्यावर पुन्हा पाणी नाही, हा क्रम त्यांनी कधी मोडला नाही.

पुतण्याने गेल्या महिन्यात छायाचित्र पाठवले. स्वयंपाकघरात चाळीस बाटल्या लाकडी खुंट्यांवर पालथ्या निथळत आहेत आणि त्यांच्या शेजारी, मुलीचा हात पोचणार नाही अशा उंचीवर, दार असलेली भक्कम पेटी आहे. बिअरला आता वास कसला येतो, हे मात्र मी विचारलेले नाही.