टाकीत पाणी किती? पल्स मोजा!

मोरबे धरण नवी मुंबई महापालिकेच्या मालकीचं असलं, तरी पाणी होस्टेलच्या गच्चीवर आपोआप चढत नाही. पंप कुणीतरी वेळेवर लावावा लागतो, आणि त्याआधी शिडी चढून टाकीत डोकवावं लागतं. पावसाळ्यात ती शिडी म्हणजे शुद्ध घसरगुंडी! मित्रहो, हे काम लॅबमधली ८०५१ करू शकते.

टाकीच्या झाकणाला एचसी-एसआर०४ हा अल्ट्रासॉनिक सेन्सर खाली तोंड करून लावा. ट्रिगर पिनवर १० मायक्रोसेकंदांची पल्स दिली की तो ४० किलोहर्ट्झचा आवाज सोडतो आणि इको पिन हाय करतो. पाण्यावर आपटून आवाज परत आला की पिन लो. आवाजाला एक सेंटीमीटर जाऊन यायला साधारण ५८ मायक्रोसेकंद लागतात. पल्स ८७०० मायक्रोसेकंदांची आली, तर पाणी १५० सेंमी खाली.

आता ही पल्स मोजायची कशी? बरेच जण लूपमध्ये व्हेरिएबल वाढवत बसतात. मध्येच इंटरप्ट आला की मोजणी चुकली. त्यापेक्षा व्हायवात हमखास विचारला जाणारा गेट बिट वापरा. टीमॉडमध्ये हेक्स ०९ भरा, इको पिन इंट-झिरोला (पी३.२) जोडा, टायमर शून्य करून टीआर-झिरो सेट करा. पिन हाय असेल तेवढाच वेळ टायमर पळतो. सुरू-बंद हार्डवेअरच करतं. आपण पिन लो झाल्यावर फक्त आकडा वाचायचा. ४ मीटरची पल्स २३,२०० मायक्रोसेकंदांची, म्हणजे १६ बिटांत आरामात बसते.

क्रिस्टल मात्र बघून घ्या. १२ मेगाहर्ट्झला एक काउंट बरोबर १ मायक्रोसेकंद. लॅबच्या बोर्डांवर सीरियल पोर्टसाठी बहुधा ११.०५९२चा असतो, तिथे काउंट १.०८५चा. गुणायला विसरलात तर १५० सेंमीचे १३८ दिसतील आणि टाकी उगाच भरलेली वाटेल!

दुसरी गोम: इकोची वायर तुटली तर पिन हायच राहते, टायमर पळतच राहतो आणि प्रोग्राम वाट बघत लटकतो. म्हणून टायमर १ वर वेगळा टाइमआउट ठेवा आणि तो संपला की बझर वाजवा.

मे महिन्यात ३२ अंशाला आवाज थोडा जोरात पळतो. दोन मीटरला तीनएक सेंमी कमी दिसतात. टाकीसाठी चालतं. वाफेने सेन्सर गंजतो, त्याचं काय? वॉटरप्रूफ सेन्सर मिळतो, पण तो २०-२५ सेंमीपेक्षा जवळचं वाचत नाही, तेव्हा टाकी काठोकाठ भरण्याआधीच पंप बंद होईल असं बघा.