शिक्षकभरतीच्या चाळण्या: ऐकीव आणि खरं

‘काहीच जमलं नाही तर डी.एड. कर आणि मास्तर हो’, हा सल्ला महाराष्ट्रात निदान दोन पिढ्यांनी ऐकला आहे. गंमत म्हणजे ज्या काळात तो सर्रास दिला जायचा, त्या काळात डी.एड.ला नंबर लागणं सोपं नव्हतं. बारावीला चांगले गुण मिळवणारी गावाकडची हुशार मुलं, विशेषतः मुली, तिकडे वळत. दोन वर्षांत हाताला नोकरी लागते हे ठाऊक असल्यामुळे गुणवत्ता यादी वर चढायची. मग गावोगावी कॉलेजं निघाली आणि डी.एड. झालेल्यांची संख्या वाढत गेली. 2010 मध्ये शिक्षण सेवकांची सीईटी झाली. ऑक्टोबर 2011 च्या पटपडताळणीत बोगस पट उघडे पडले. 2 मे 2012 च्या शासन निर्णयाने, अतिरिक्त शिक्षकांचं समायोजन होईपर्यंत, भरतीला कुलूप लागलं. तिथून पुढे डी.एड.च्या जागा रिकाम्या राहू लागल्या, कॉलेजं बंद पडू लागली. सल्ला मात्र अजून फिरतोच आहे, आणि त्याच्याबरोबर सरकारी शाळेतल्या शिक्षकाविषयीच्या कितीतरी ऐकीव गोष्टीही.

‘डी.एड. झालं, टीईटी निघाली, म्हणजे नोकरी पक्की’

नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 23 नुसार शिक्षकाची किमान अर्हता राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद ठरवते. ती अर्हता परिषदेने 23 ऑगस्ट 2010 च्या अधिसूचनेने लागू केली. पहिली ते पाचवीसाठी बारावीला 50 टक्के आणि दोन वर्षांची पदविका, म्हणजे जुनं डी.एड. आणि आताचं डी.एल.एड. सहावी ते आठवीसाठी पदवी आणि डी.एल.एड. किंवा बी.एड. आणि दोन्हीकडे टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. मागासवर्गीयांना गुणांत सवलत आहे.

टीईटी दीडशे गुणांची असते. दीडशे प्रश्न, अडीच तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, आणि पात्र व्हायला 60 टक्के लागतात. बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र हा भाग दोन्ही पेपरांत सक्तीचा. महाराष्ट्रात पहिली टीईटी डिसेंबर 2013 मध्ये झाली. ती पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते आणि तिचा निकाल अनेकदा एक आकडी टक्क्यांत अडकतो. म्हणजे शंभर प्रशिक्षित उमेदवार बसले तर नव्वदहून जास्त बाहेर. पूर्वी हे प्रमाणपत्र सात वर्षंच चालायचं. 2021 मध्ये केंद्राने ते 2011 पासूनच्या सगळ्यांसाठी आजीवन केलं. ‘माझी टीईटी एक्स्पायर झाली’ असं अजून कुणी म्हणत असेल, तर ती माहितीच जुनी झाली आहे.

एवढं करून उमेदवार फक्त पात्र ठरतो. नोकरीसाठी दुसरी परीक्षा: शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, जिला उमेदवार ‘टेट’ म्हणतात. नावं सारखी वाटल्यामुळे पालकच काय, काही पत्रकारही दोन्हींची गल्लत करतात. ही चाचणी संगणकावर होते, दोनशे प्रश्न एकशेवीस मिनिटांत सोडवायचे असतात. त्यातले 120 अभियोग्यतेचे, 80 बुद्धिमत्तेचे. हिच्यात पास-नापास नाही. जेवढे गुण, तेवढा गुणवत्ता यादीत वर. ती पहिल्यांदा डिसेंबर 2017 मध्ये झाली, नंतर थेट 2023 मध्ये, मग 2025 मध्ये. पहिल्या दोहोंमधलं अंतर पाहा: दुसऱ्या संधीची वाट पाहताना कित्येकांच्या वयाची मर्यादा उलटून गेली.

मग पवित्र पोर्टल, म्हणजे शिक्षकभरतीची सरकारी ऑनलाइन व्यवस्था. उमेदवाराने आपलं स्वप्रमाणपत्र भरायचं, जाहिराती आल्या की प्राधान्यक्रम लॉक करायचे, आणि यादीची वाट पाहायची. जाहिरात येते कशी? शाळेचा पट मोजून संचमान्यता होते. कायद्याच्या परिशिष्टानुसार प्राथमिकला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, उच्च प्राथमिकला पस्तीस मुलांमागे एक. संचमान्यतेवरून मंजूर पदं ठरतात, आधी अतिरिक्त शिक्षक सामावून घेतले जातात, आरक्षणाची बिंदुनामावली मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यावी लागते, आणि उरलेल्या पदांची जाहिरात निघते. यातली एक पायरी अडली की जिल्हाच्या जिल्हा भरतीतून बाहेर. ‘एवढी पदं रिकामी आहेत, मग भरत का नाहीत?’ या प्रश्नाचं निम्मं उत्तर या कारकुनीत आहे. उरलेलं निम्मं मंत्रालयातल्या तिजोरीत असतं.

‘बी.एड. मोठी पदवी, मग पहिलीला शिकवायला काय हरकत?’

मुद्दा लहान-मोठेपणाचा नाही. बी.एड.चा अभ्यासक्रम विषय शिकवण्याभोवती रचलेला आहे. सहा वर्षांच्या मुलाला अक्षरओळख आणि संख्याज्ञान कसं द्यायचं, हे डी.एल.एड.चं काम. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने 28 जून 2018 च्या अधिसूचनेने बी.एड.धारकांना पहिली ते पाचवीसाठीही पात्र ठरवलं होतं. अट एवढीच की नेमणुकीनंतर दोन वर्षांत सहा महिन्यांचा सेतू अभ्यासक्रम करायचा. सुप्रीम कोर्टाने 11 ऑगस्ट 2023 रोजी ही अधिसूचनाच चुकीची ठरवली. कोर्टाचं म्हणणं असं की प्राथमिक शिक्षण हा मुलाचा मूलभूत हक्क आहे आणि त्यात दर्जा येतोच. तिथे वेगळ्या प्रशिक्षणाचा शिक्षक ही चैन नव्हे. त्या तारखेआधी नेमल्या गेलेल्यांना नंतर संरक्षण मिळालं, सेतू अभ्यासक्रम पूर्ण करण्याच्या अटीवर. सहावी ते आठवीला बी.एड. आजही चालतं, अर्थात टीईटीच्या दुसऱ्या पेपरसह. नववी-दहावीला पदवी आणि बी.एड. लागतं, अकरावी-बारावीला पदव्युत्तर पदवी आणि बी.एड.; शिक्षण हक्क कायदा आठवीपर्यंतचाच असल्याने तिथे त्या कायद्याची टीईटीची अट पोचत नाही.

माझ्या मते हा निकाल योग्य होता. पण त्याचा फटका बसला तो, सरकारनेच दार उघडलं म्हणून आत आलेल्या तरुणांना, हेही खरं.

‘पैसे दिल्याशिवाय कुणी लागत नाही’

या समजाला इतिहास आहे, तेव्हा तो नुसता झटकून चालणार नाही. खासगी अनुदानित शाळांत पगार सरकार देतं आणि नेमणूक संस्था करते. या रचनेत संस्थाचालकाच्या हाती जे आलं, त्याचा ‘दर’ गावातल्या पानटपरीवरही ठाऊक असायचा. 2017 मध्ये पवित्र पोर्टल आणलं ते प्रामुख्याने यासाठी. जिल्हा परिषद, नगरपालिका, महापालिका यांच्या शाळांत आता मुलाखतच नसते. चाचणीचे गुण, प्रवर्ग, विषय, माध्यम आणि उमेदवाराचे प्राधान्यक्रम यावर संगणक यादी काढतो. तिथे पैसे मागणारा माणूस भेटला तर तो फसवणूक करतो आहे, असं खुशाल समजावं.

खासगी अनुदानित संस्थांना मात्र मुलाखतीसह भरतीचा मार्ग ठेवला आहे. पोर्टलच काही उमेदवार पाठवतं आणि मुलाखत व अध्यापन कौशल्याला 30 गुण असतात. फट उरली आहे ती इथे. 2023-24 च्या भरतीत जाहिरात झालेल्या 21,678 पदांपैकी 16,799 पदं मुलाखतीशिवायची होती आणि 4,879 मुलाखतीसह. यावरून कोणत्या वाटेला किती वजन आहे ते दिसतं. फेब्रुवारी 2024 मध्ये मुलाखतीशिवायच्या पदांसाठी 11,085 जणांची शिफारस झाली. बाकीची पदं पहिल्या यादीत रिकामी राहिली, आणि त्याचं एक कारण म्हणजे ठरावीक विषयांत आणि समांतर आरक्षणात पात्र उमेदवार मिळाले नाहीत. लाखांची रांग आणि रिकामी खुर्ची एकाच वेळी असू शकते, ती अशी.

आणि घोटाळे? झाले. 2021 च्या अखेरीस पुणे सायबर पोलिसांनी टीईटीचे गुण वाढवून नापासांना पास केल्याचं उघड केलं. परीक्षा घेणाऱ्या परिषदेचे वरिष्ठ अधिकारीच अटकेत गेले. पुढच्या वर्षी 7 हजार 800 हून अधिक उमेदवार अपात्र ठरवले गेले. 2025 मध्ये नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडी, म्हणजे सरकारी वेतनप्रणालीतले ओळख क्रमांक, काढून, भरतीत कधी नसलेल्यांना पगार सुरू केल्याचं प्रकरण निघालं. यातून सगळे शिक्षक बोगस ठरत नाहीत. उलट शंभरातून पाच-सहा निवडणाऱ्या परीक्षेत पैसे देऊन घुसलेला माणूस कुणाची जागा खातो, तर रात्र-रात्र अभ्यास केलेल्याच दुसऱ्या उमेदवाराची.

‘लागला की पन्नास हजार पगार’

पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक. मानधन प्राथमिकला दरमहा 16,000, माध्यमिकला 18,000, उच्च माध्यमिकला 20,000. तेही 2023 च्या वाढीनंतर, त्याआधी अनुक्रमे 6,000, 8,000 आणि 9,000 होतं. लातूरचा उमेदवार पालघरला लागला तर खोलीभाडं, डबा आणि सणाला घरी जाणं याच रकमेत बसवायचं. तीन वर्षांनंतर वेतनश्रेणी मिळते; सातव्या आयोगाप्रमाणे प्राथमिक शिक्षकाचं मूळ वेतन 29,200 पासून सुरू होतं.

‘जुन्या शिक्षकांना टीईटी माफ आहे’

परवापरवापर्यंत तसंच समजलं जायचं, आणि त्याला आधारही होता: 2010 च्या अधिसूचनेने आधी नेमलेल्यांना मोकळं ठेवलं होतं. 1 सप्टेंबर 2025 रोजी, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात, सुप्रीम कोर्टाने चित्र बदललं. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ असलेल्या पहिली ते आठवीच्या सेवेतील शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायची, नाहीतर सेवेबाहेर. निवृत्तीचे लाभ मात्र मिळतील. पाच वर्षांपेक्षा कमी उरलेल्यांची नोकरी राहील, पण टीईटीशिवाय बढती नाही. अल्पसंख्याक संस्थांना ही अट लावायची का, हा प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला गेला. त्यानंतर 23 नोव्हेंबर 2025 च्या टीईटीला विशीतल्या उमेदवारांच्या शेजारच्या बाकावर वीस-वीस वर्षं शिकवलेले गुरुजी आणि बाई बसल्या.

शिक्षक संघटनांचा राग समजण्यासारखा आहे. पण ‘आम्हाला परीक्षा कशाला’ या युक्तिवादापेक्षा ‘वीस वर्षांचं काम मोजायला बहुपर्यायी पेपर पुरतो का’ हा युक्तिवाद कितीतरी भक्कम होता, आणि तो मोर्च्यांत फारसा ऐकू आला नाही.

‘सरकारी शाळेत कसेतरी शिक्षक, इंग्रजी शाळेत चांगले’

कलम 23 च्या किमान अर्हता खासगी विनाअनुदानित शाळांनाही लागू आहेत. फरक तपासणीत आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची कागदपत्रं जिल्ह्यावर एकेक करून पडताळली जातात. गल्लीतल्या इंग्रजी शाळेत नुसती पदवी घेतलेली, फाडफाड इंग्रजी बोलणारी मुलगी सात-आठ हजारांवर वर्ग सांभाळताना दिसू शकते. कायद्याने 31 मार्च 2019 ही अप्रशिक्षितांसाठी शेवटची मुदत होती. अर्हता म्हणजे उत्तम शिकवणं नव्हे, हे मान्य. पण अर्हतेच्याच मापाने मोजायचं असेल, तर बहुतेक पालकांचा अंदाज उलटा निघेल.

आता खरी उणीव सांगतो. इतक्या चाळण्यांतून जाणाऱ्या उमेदवाराला जिल्हा परिषदेच्या भरतीत एकदाही कुणी मुलांसमोर उभं करत नाही. टीईटी बहुपर्यायी, टेट बहुपर्यायी, पवित्र म्हणजे संगणक. ज्या एका वाटेवर पाठ पाहण्याला गुण आहेत, ती खासगी संस्थांची मुलाखत, आणि संशय नेमका तिच्यावरच. पैशाचा शिरकाव रोखायला मुलाखत काढली, त्याबरोबर पाठ पाहणंही गेलं. ही किंमत मोजायला हवीच होती, असं मलाही वाटतं. पण मग उमेदवाराचं शिकवणं पाहिलं जाण्याची एकच जागा उरते: डी.एल.एड.-बी.एड. कॉलेज, जिथे सुमारे वीस आठवडे शाळेत काढायचे, पाठ टाचण लिहायचं, सराव पाठ घ्यायचे आणि मागच्या बाकावर बसलेल्या प्राध्यापकाने निरीक्षण लिहायचं, असं अपेक्षित आहे.

ही जागा किती ठिसूळ आहे, हे नवं नाही. महाराष्ट्रातल्या डी.एड. कॉलेजांच्या मान्यतेच्या वादातूनच सुप्रीम कोर्टाने 2011 मध्ये न्या. जे. एस. वर्मा यांचा आयोग नेमला. 2012 मध्ये त्याचा अहवाल आला, आणि बी.एड. 2015 पासून दोन वर्षांचं झालं ते त्या सुधारणांच्या ओघात. पण कालावधी वाढला म्हणून ‘फक्त परीक्षेला या, हजेरीचं आम्ही बघतो’ म्हणणारी कॉलेजं संपली नाहीत. अशा ठिकाणाहून निघालेला उमेदवार टीईटीत 95 आणि टेटमध्ये 140 गुण मिळवू शकतो, आणि चाळीस मुलांसमोर तोंड उघडण्याची त्याची पहिली वेळ नेमणुकीनंतरच्या सोमवारी येऊ शकते. नव्या राष्ट्रीय धोरणाने 2030 पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. ही किमान पदवी ठरवली आहे. ती जर हजेरीपटावरच झाली, तर दोनाची चार वर्षं होतील आणि फी दुप्पट, एवढंच.

तेव्हा जूनमध्ये मुलाला शाळेत घालताना इमारत आणि गणवेशाआधी एक प्रश्न विचारा: वर्गशिक्षकाने प्रशिक्षण कुठे, कधी घेतलं आणि टीईटीचा कोणता पेपर पास केला? शाळा जिल्हा परिषदेची असो वा महागड्या फीची, पालक म्हणून हे विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. जी शाळा उत्तर टाळते, तिथे पैसे भरण्याआधी दोनदा विचार करा.