शहराचा सामाईक गल्ला

व्यापारी दानधर्मात मागे नसतो. शाळेची खोली, दवाखान्यातील खाट, गरीब विद्यार्थ्याची फी, या सर्वांसाठी पैसा बाजारपेठेतूनच उभा राहतो. परंतु देणारा वारला की त्याच्या नावाने चाललेले काम बहुधा थंडावते. वारसांना त्यात गोडी नसते किंवा ज्या कामासाठी पैसा ठेवला ते कामच उरत नाही. हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही.

बेंजामिन फ्रँकलिन १७९० साली वारले. त्यांनी बोस्टन व फिलाडेल्फिया या शहरांसाठी प्रत्येकी एक हजार पौंड ठेवले. उस्तादाच्या हाताखाली काम शिकलेल्या, पंचविशीच्या आतील विवाहित कारागिरांना दोन जामिनांवर ५ टक्के व्याजाने कर्ज द्यायचे व हा व्यवहार २०० वर्षे चालवायचा, अशी अट होती. पुढे कारखाने आले, उस्ताद-शागिर्दाची पद्धत मोडली आणि अटीत बसणारे कारागीर मिळेनासे झाले. मुदत संपली तेव्हा एकट्या बोस्टनच्या खात्यात चाळीस लाख डॉलरहून अधिक रक्कम होती. पैसा वाढला, पण ज्याच्यासाठी ठेवला तो कारागीर हरवला होता.

गॉफ यांचा तोडगा

अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात फ्रेडरिक गॉफ हे मूळचे वकील एका बँकेचे अध्यक्ष होते. अशा अडकून पडलेल्या देणग्यांवर त्यांनी १९१४ साली ‘क्लीव्हलँड फाउंडेशन’ हा उपाय काढला. लहान-मोठ्या दात्यांचे पैसे एका गल्ल्यात जमा करायचे. ते गुंतवण्याचे काम बँकेने करायचे, पण वाटपाचा अधिकार वेगळ्या समितीकडे राहील. समितीचे काही सदस्य बँक नेमेल, काही महापौर व न्यायाधीश. दात्याच्या इच्छेचा मान राखायचा, मात्र ती इच्छा कालबाह्य झाली तर समितीने पैसा आजच्या गरजेकडे वळवायचा. पुढच्याच वर्षी शिकागो व बोस्टनने हा मार्ग धरला. मुंबईत १९९१ साली ‘बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट’ याच धर्तीवर निघाला.

हिशेब सोपा आहे. पन्नास व्यापाऱ्यांनी प्रत्येकी दोन लाख दिले तर एक कोटी होतात. मूळ रक्कम न मोडता वर्षाला ५ टक्के खर्चले तरी पाच लाख रुपये दरसाल हाती येतात. स्थानिक संस्था अर्ज करतात. काम कोणते, खर्च किती, मागील हिशेब तपासलेला आहे का, हे पाहून अनुदान मिळते. रक्कम बहुधा हप्त्याने देतात आणि कामाचा अहवाल मागतात.

क्लीव्हलँडमध्ये सुरुवातीला गल्ल्यात फारसा पैसा नव्हता. तेव्हा त्यांनी आधी शहराच्या शाळांची व नंतर फौजदारी न्यायव्यवस्थेची पाहणी करून घेतली. मालाची मागणी पाहून खरेदी करावी, तसेच हे झाले.

दोष नाहीत असे नाही. समितीत बड्यांचाच भरणा झाला तर गल्लीतील छोटी संस्था, जिला अर्जही नीट लिहिता येत नाही, ती बाहेरच राहते. म्हणून समितीत कारागीर व शिक्षकही हवेत.

आपल्यासाठी काय?

वाचकांना येथे वक्फची आठवण येईल. असल राखायची व उत्पन्न खर्चायचे, ही रीत दोन्हींकडे आहे. फरक एवढाच की वक्फमध्ये वाकिफची अट सहसा बदलता येत नाही. म्हणून वक्फ किंवा न्यास करणाऱ्याने हेतू अरुंद लिहू नये. ‘पाट्या-पेन्सिलींसाठी’ असे लिहिण्याऐवजी ‘मुलांच्या शिक्षणासाठी’ लिहावे. जकातीचे हकदार ठरलेले आहेत. ती रक्कम उलेमांना विचारल्याशिवाय अशा कायम निधीत टाकू नये.

न्यासाची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे होते. आयकर सवलत हवी असल्यास वर्षाच्या उत्पन्नापैकी साधारणपणे ८५ टक्के धर्मादाय कामावर खर्चावे लागतात. कायम निधीसाठी मिळालेली देणगी तशी लेखी घ्यावी व वेगळी दाखवावी. या बाबी हिशेबनिसाकडून आधीच समजून घ्याव्यात.

दुकानाच्या रोजमेळात आपण पैशाचाही फरक राहू देत नाही. दानाच्या पैशाला तीच शिस्त लावली, तर आज दिलेल्या रुपयातून आपल्या नातवाच्या काळातील एखादे मूलही शिकेल.