घरातील मत्स्यपेटी आणि खणणारे मासे

देवनारच्या पूर्वेस ठाण्याची खाडी आहे. ओहोटीचे पाणी मागे हटले, की तिवरांच्या पलीकडे काळसर चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडतो आणि त्यावर डोळे माथ्यावर आलेले, बोटभर लांबीचे प्राणी टुणटुण उड्या मारू लागतात. या निवट्या होत. दिसतात बेडकासारख्या, पण जात माशाची. पाऊल वाजले, की निवटी दिसेनाशी होते; ती आपल्या बिळात शिरलेली असते. हे बीळ तिने तोंडाने चिखल उचलून उचलून खणलेले असते. आसरा तेथेच, अंडी घालण्याची जागाही तेथेच. काही जाती तर तोंडात हवा भरून ती बिळातील पोकळीत नेऊन साठवतात; कारण चिखलातल्या पाण्यात प्राणवायू फारच थोडा, आणि अंड्यांना त्याची गरज असते.

निवटी ही काही घरी आणण्याजोगी नव्हे. तिला मचूळ पाणी हवे आणि पाण्याबाहेर बसावयास जागाही हवी. परंतु तिच्यासारखीच खणण्याची ओढ असलेले गोड्या पाण्यातील मासे क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानांतून सर्रास विकत मिळतात. आग्नेय आशियातील कूली लोच, दक्षिण अमेरिकेतील कोरीडोरास, नदीतली लहान जातीची वाम, हे त्यांपैकी काही. जिओफॅगस नावाच्या माशाच्या तर नावाचाच अर्थ ‘माती खाणारा’ असा आहे. हेकेल या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १८४० साली तसे नाव ठेवले. हा मासा वाळूचा घास घेतो, त्यातले खाद्य निवडतो आणि उरलेली वाळू कल्ल्यांवाटे बाहेर सोडतो. ज्या पेटीच्या तळाशी हरभऱ्याएवढे निळे-तांबडे खडे पसरलेले आहेत, तेथे त्याने काय चाळावे? कोरीडोरासच्या मिशा अशा पेटीत हळूहळू झिजून खुंटतात. खड्यांच्या टोकदार कडा त्याला कारण होतातच, पण खड्यांच्या फटींत अडकून कुजणारे अन्न अधिक घातक. मिशीवाचून त्या माशाला अन्न हुडकता येत नाही.

मग सगळे खडे काढून वाळू भरावी काय? तसे मुळीच करू नये. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो. त्याचे प्रथम नायट्राइट व पुढे बरेच कमी अपायकारक असे नायट्रेट करणारे सूक्ष्म जंतू त्या खड्यांवरच वस्तीला असतात. सगळे खडे एकदम उपसले, की ही वस्ती नाहीशी होते आणि स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात मासे दगावू लागतात. म्हणून जुने खडे अर्ध्या भागात तसेच ठेवून उरलेल्या अर्ध्यात वाळूचे अंगण करणे हा शहाणपणाचा मार्ग.

वाळू कोणती घ्यावी, येथे पुष्कळांचा घोटाळा होतो. देवनारच्या रहिवाशाला खाडी हाकेवर. शिवाय खाडीतून रेती काढण्याचा धंदा या बाजूस जुना. मुंब्र्याजवळील रेतीबंदराचे नावच त्याची साक्ष देते. तरी ती रेती पेटीत नको. तीत मीठ असते, शिंपल्यांचा चुरा असतो आणि त्याच्या चुन्याने पाणी जड होत जाते. शिवाय शहराचे सांडपाणी आणि १९२७ पासूनच्या कचराभूमीचा निचरा त्याच खाडीच्या वाट्याला आला आहे. इमारतीच्या कामावर मिळणारी, काळा दगड फोडून केलेली कृत्रिम वाळूही टाळावी. तिच्या कणांना धार असते. नदीची गोलसर कणांची, रव्याएवढी वाळू उत्तम. मैद्याच्या चाळणीतून गळेल ती धूळ टाकावी, गव्हाच्या चाळणीवर राहतील ते खडे टाकावेत, मधली ठेवावी. चिमूटभर वाळूवर लिंबाचा रस पिळून पाहावा. बुडबुडे आले, तर तीत शिंपला आहे असे समजून ती परत करावी.

६० सेंटिमीटर लांब व ३० सेंटिमीटर रुंद अशा पेटीच्या अर्ध्या भागात ५ सेंटिमीटर जाडीचा थर द्यावयाचा, तर सुमारे साडेचार लिटर, म्हणजे सातएक किलो वाळू लागते. बादलीत हाताने ढवळून, पाणी नितळ येईपर्यंत ती धुवावी. दहा-बारा पाणी सहज लागतात. खड्यांखाली गाळणीची सच्छिद्र ताटली असेल, तर वाळू तिच्या भोकांत शिरून ती बंद पाडते. अशा पेटीसाठी त्या मापाचे काचेचे उथळ तबक बाहेरच जोडून घ्यावे. सांध्यांना बुरशीनाशक नसलेले सिलिकोन लावून त्याचा आंबूस वास पुरता जाईपर्यंत थांबावे, आणि मग ते पेटीत बसवावे. ताटली नसेल, तर चपट्या दगडांचा बांध पुरेसा होतो.

वाळू वरून ओतू नये. वाटी भरून तळाशी न्यावी व तेथे अलगद कलती करावी. तोवर गाळणीचा पंप बंद असावा. वाळूचा कण त्याच्या पंख्यात गेला, की पंप कुरकुरू लागतो. मात्र तो तासाभराहून अधिक बंद राहू देऊ नये. पाणी कमी पडल्यास नळाचे क्लोरीनयुक्त पाणी तसेच न घालता हायपोचे दोन-चार खडे विरघळवून घालावे. पहिला दिवस पाणी गढूळ दिसेल. त्याने घाबरून जाऊ नये.

पुढची निगा थोडी आहे. थर याहून जाड केला, तर खालची वाळू हवेवाचून घट्ट बसते, काळे डाग पडतात व कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो. खणणारे मासे वाळू सतत उलटीपालटी करतात, तरी कोपरे राहून जातात. तेथे आठवड्यातून एकदा काडी फिरवावी. आपल्या ओढ्यांत सापडणारी लांबट शंखाची गोगलगायही हे काम इमानाने करते, फक्त तिची प्रजा फार वाढते.

नवे अंगण तयार झाल्यावर कूली लोच बहुधा पहिल्याच रात्री नाहीसा होतो. दोन दिवस दर्शन नाही म्हणून मालक तो मेला असे धरून चालतो आणि वाळू उपसू लागतो. तसे करू नये. दिवा मालवल्यानंतर वाळूवर थोडे बुडणारे खाद्य टाकावे आणि अर्ध्या तासाने मंद उजेडात पाहावे. कोपऱ्यातल्या वाळूतून मिशा तेवढ्या बाहेर आलेल्या दिसतील.