पोपट चावतो, पोपट सांडतो

पोपट घरात आला की काही महिन्यांतच दोन तक्रारी सुरू होतात. हल्ली फार चावतो, आणि घरभर घाण करतो. कालपरवापर्यंत तळहातावर बसून दाणे खाणारं पिल्लू एकाएकी अंगावर धावून यायला लागतं. मग नातेवाईक, शेजारी, दुकानदार आपापले उपाय सांगतात: चोचीवर टिचकी मारा, पंख कापा, अंधारात ठेवा, जोडीदार आणा. या उपायांमागच्या समजुती बहुतेक चुकीच्या असतात आणि त्यांची किंमत पक्ष्याला मोजावी लागते. एक धडधाकट, हुशार पक्षी वर्षानुवर्षं गॅलरीतल्या पिंजऱ्यात एकटा पडून राहतो. सन कॉन्युर, कॉकटिएल, आफ्रिकन ग्रे यांसारखे परदेशी पोपट आता गावोगावी दिसू लागले आहेत, तेव्हा या समजुती नीट तपासून घ्यायला हव्यात.

"काही कारण नसताना चावतो"

चावण्याआधी इशारा न देणारा पोपट विरळाच. आपण तो इशारा वाचत नाही. समजा, कॉन्युर दांडीवर बसला आहे आणि तुम्ही वाटी काढायला पिंजऱ्यात हात घातला. आधी तो अंग आखडून घेतो. मानेवरची पिसं उभी राहतात. डोळ्यातली बाहुली भराभर लहानमोठी होऊ लागते. शेपटी पसरते, डोकं खाली जातं, चोच किंचित उघडते. कॉकटिएल असेल तर तुरा मागे चपटा करून फिसकारतो, आफ्रिकन ग्रे घशातून गुरगुरतो. एवढं होऊनही हात पुढे येतच राहिला तर मग चोच लागते. हे इशारे पुन्हा पुन्हा वाया गेले की पक्षी ते देणंच सोडून देतो आणि थेट चावतो. ‘अचानक’ चावणारा पक्षी असा तयार होतो.

चावल्यावर आपण काय करतो तेही बघा. हात झटकन मागे घेतो आणि ओरडतो. पक्ष्याला हात दूर जायला हवा होता, तो गेला. म्हणजे चावणं उपयोगी पडतं हे आपणच त्याला शिकवलं. शिवाय बऱ्याच पोपटांना आपला आरडाओरडा आवडतो. थव्यात राहणाऱ्या पक्ष्याला आवाजाला आवाजाने मिळालेला प्रतिसाद हवासाच वाटतो. त्यामुळे चावा बसला तर न ओरडता पक्ष्याला जवळच्या टेबलावर किंवा दांडीवर उतरवावं आणि काही क्षण त्याच्याकडे पाठ करावी. काही क्षणच. तासभर कोंडून ठेवलं तर ती शिक्षा नेमकी कशाबद्दल आहे हे त्याला कळत नाही.

पोपट चोचीचा वापर तिसऱ्या पायासारखा करतो हेही अनेकांना ठाऊक नसतं. बोटावर चढण्याआधी पिल्लू बोटाला चोच लावतं, कारण नवी फांदी आपलं वजन पेलेल का हे त्याला तपासायचं असतं. आपण त्यालाच चावा समजून बोट मागे ओढतो. फांदी हलली, हा हात भरवशाचा नाही, एवढं त्या पिल्लाच्या लक्षात राहतं. पुढच्या खेपेला ते खरंच घट्ट धरतं.

बिघडलेलं नातं सावरायची एक साधी पद्धत आहे. एक बारीक काडी घ्यायची, आइस्क्रीमची चालेल. पक्ष्याने काडीच्या टोकाला चोच लावली की लगेच सूर्यफुलाचा एक दाणा द्यायचा. सुरुवातीला हे पिंजऱ्याच्या गजांआडूनच करावं. दिवसातून दोनदा, दोन-चार मिनिटं पुरे. काडीमागे जायला शिकलेला पक्षी हळूहळू काडीमागोमाग बोटावरही येतो. मात्र वाटीत दिवसभर सूर्यफूल पडलेलं असेल तर त्या एका दाण्याला काहीच किंमत उरत नाही, म्हणून तो दाणा फक्त बक्षिसासाठी राखून ठेवावा.

"टिचकी मारली, पंख कापले की वठणीवर येतो"

पोपटाच्या चोचीच्या टोकाशी स्पर्शाच्या मज्जातंतूंची दाटी असते. त्याच चोचीने तो दाणा सोलतो, पिल्लाला भरवतो, पिसं विंचरतो. तिथे टिचकी मारली की दुखतं, आणि हात म्हणजे दुखणं हे समीकरण कायमचं बसतं. पंख कापण्याचं तर उलटंच होतं. घाबरलेल्या पक्ष्याकडे दोन वाटा असतात, उडून जाणं किंवा चावणं. पंख कापून आपण पहिली वाट बंद करतो आणि मग दुसरीबद्दल तक्रार करतो. पंख्याचा किंवा उघड्या खिडकीचा धोका खरा आहे, पण त्यासाठी पंखा बंद ठेवावा, खिडकीला जाळी लावावी.

"एकटा आहे म्हणून चिडतो, जोडीदार आणा"

वयात येणं हे चिडखोरपणाचं मोठं कारण आहे. कॉकटिएल साधारण वर्षभरात वयात येतो, आफ्रिकन ग्रेला तीन ते पाच वर्षं लागतात. या काळात तो पिंजऱ्यावर, घरातल्या एखाद्या माणसावर हक्क सांगतो आणि बाकीच्यांवर धावून जातो. आपण नकळत त्यात भर घालतो. पाठीवरून, पंखांखालून हात फिरवणं आपल्याला माया वाटते, पोपटाला मात्र ते मीलनाचं आमंत्रण वाटतं. खोका, माठ, कपाटाचा अंधारा खण, पिंजऱ्यात टांगलेली कापडी झोळी या जागा त्याला घरट्यासारख्या वाटतात. त्यातच रात्री अकरापर्यंत टीव्ही आणि दिवे चालू असले की दिवस लांबला, विणीचा हंगाम आला असं त्याचं शरीर ठरवतं. म्हणून हात फक्त डोक्यावर आणि मानेवर फिरवावा, अंधारे कोपरे काढून टाकावेत आणि रोज दहा ते बारा तास अंधार आणि शांतता मिळेल असं बघावं. अनेक घरांत एवढ्यानेच मोठा फरक पडतो. जोडीदार आणला तर दोघांची मारामारी होऊ शकते, आणि जमलंच तर माणसाला जवळ येऊ द्यायचं दोघंही बंद करू शकतात.

मिरची खाऊन पोपट तापट होतो, हा समजही आपल्याकडे पक्का आहे. मिरचीतल्या ज्या द्रव्याने आपलं तोंड भाजतं, ते पक्ष्यांच्या मज्जातंतूंना जवळजवळ जाणवतच नाही. त्यांच्यासाठी मिरची ही दाणेदार, जीवनसत्त्वांनी भरलेली फळभाजी आहे. चहात बुडवलेलं बिस्कीट, चॉकलेट आणि अॅव्होकॅडो यांची काळजी करा. चॉकलेट आणि अॅव्होकॅडो तर त्याच्यासाठी विष आहेत.

"मुद्दाम सांडतो"

ज्वारीच्या रानात किंवा पेरूच्या बागेत पोपटांचा थवा पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. पेरूचे चार तुकडे पोटात जातात, उरलेला पेरू खाली पडतो आणि पक्षी पुढच्या फळाकडे वळतो. जगभरातल्या शंभराहून अधिक जातींच्या पोपटांमध्ये अन्न असं टाकून देण्याच्या नोंदी 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एकत्र केल्या आहेत. खाली पडलेलं फळ इतर प्राणी खातात आणि बिया दूरवर जातात. जंगलात उपयोगी पडणारं हे वागणं दिवाणखान्यात पसारा ठरतं. रागावून ते थांबणार नाही. पसारा कुठे पडावा, एवढंच आपल्या हातात आहे.

रानातला पोपट दिवसाचे कित्येक तास अन्न शोधण्यात घालवतो. पिंजऱ्यात भरलेली वाटी त्याला काही मिनिटं पुरते. उरलेला दिवस वाटी उलटण्यात, गज कुरतडण्यात, किंचाळण्यात जातो. त्याला काम द्या. दाणे साध्या कागदात गुंडाळून दांडीला बांधा, कोवळं कणीस टांगा, कोथिंबिरीची धुतलेली जुडी वरच्या गजाला अडकवा. कागदाचे तुकडे खाली पडतील, पण ते उचलणं सोपं. वाटी अर्धीच भरा, पिंजऱ्याच्या खालच्या भागाला बाहेरून जाळीचं कापड बांधा आणि वाटीच्या बरोबर वर दांडी येऊ देऊ नका.

वाटीबद्दल आणखी एक सांगायला हवं. पोपट दाणा सोलतो आणि टरफल तिथेच टाकतो. वाटी भरलेली दिसते, घरातले निश्चिंत असतात, आणि पक्षी उपाशी राहतो. रोज सकाळी टरफलं काढून खाली दाणे आहेत का हे बोटाने चाचपून बघा.

शीचंही तसंच. लहान पोपट पंधरा-वीस मिनिटांनी शी करतो, तेही शी करण्याआधी किंचित मागे सरून शेपटी उचलून. ती वेळ ओळखून त्याला ठरावीक जागी नेता येतं आणि काही पक्ष्यांना ती सवयही लागते. रोखून धरायला मात्र शिकवू नये, त्याने आजारपण येतं. पिंजऱ्याच्या तळाशी वर्तमानपत्राचे चार-पाच थर घालावेत आणि रोज वरचा थर काढताना शी नीट पाहावी. हिरवी किंवा तपकिरी विष्ठा, पांढरा भाग आणि पाणी असे तीन भाग वेगळे दिसले पाहिजेत. रंग किंवा पातळपणा दोन दिवस बदललेला दिसला तर डॉक्टर गाठावा.

साफसफाई करताना कोरडा झाडू नको, ओलं फडकं वापरा. सुकलेल्या विष्ठेच्या धुळीतून सिटॅकोसिस हा जिवाणूंचा आजार माणसाला होऊ शकतो. बरेच दिवस ताप-खोकला राहिला तर घरात पोपट आहे हे डॉक्टरांना जरूर सांगा. फिनेल, डासांची अगरबत्ती, धूप पक्ष्याजवळ नकोत. नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्यातून निघणाऱ्या वायूने पोपट काही मिनिटांत मरू शकतो, म्हणून पिंजरा स्वयंपाकघरात ठेवूच नये.

आजवर शांत असलेला पोपट एकदम चावायला लागला तर सवयी शोधत बसण्याआधी पशुवैद्यक गाठा. पोपट आजार शेवटपर्यंत लपवतात आणि दुखत असलं की हात लावू देत नाहीत.

राहिला आपला हिरवा राघू आणि करण पोपट. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार भारतीय पोपट पाळणं, विकणं, विकत घेणं हा गुन्हा आहे, मग तो घरात कितीही वर्षं असला तरी. घरट्यातून ओढून काढलेल्या पिल्लाचा राग हा बहुतेकदा भीतीचा असतो, आणि त्यावर वर सांगितलेलं काहीही लागू करण्यापेक्षा ते पिल्लू योग्य हातात जाणं महत्त्वाचं. परदेशी पोपटांतल्या आफ्रिकन ग्रे, सन कॉन्युर यांसारख्या जातींची 2024 च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. घरात राघू असेल तर त्याला आपण होऊन खिडकीतून सोडून देऊ नका. माणसात वाढलेला पक्षी अन्न शोधू शकत नाही आणि कावळ्या-मांजरांच्या तावडीत सापडतो. महाराष्ट्र वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा.